नडगीचा तडाखा, खुब्याची करामत

१९८८ साली अमेरिकेतल्या लास वेगास शहरात एक लढत झाली. एका बाजूला अमेरिकन किकबॉक्सर रिक रूफस, दुसऱ्या बाजूला थायलंडचा चँगपुएक कियात्सोंग्रित. पहिल्याच फेरीत रूफसने चँगपुएकचा जबडा मोडला. पण चँगपुएक हटला नाही. रूफसच्या मांडीवर तो नडगीचे तडाखे देत राहिला. चौथ्या फेरीत रूफसला उभे राहणे अशक्य झाले आणि लढत थांबवावी लागली.

असे का घडले? अर्धे उत्तर इतिहासात आहे, अर्धे पदार्थविज्ञानात.

अमेरिकेत १९७० च्या दशकात कराटेतून जी किकबॉक्सिंग उभी राहिली, तिच्या नियमांनुसार लाथ कमरेच्या वरच मारायची असे. त्यामुळे मांडीवरचा मार अडवण्याची सवय तिथल्या खेळाडूंना नव्हती. थायलंडची परंपरा वेगळी. पूर्वी तिथले मल्ल हातांना सुती दोर गुंडाळून लढत. १९२० च्या दशकात रिंगण, ठरावीक वेळेच्या फेऱ्या आणि हातमोजे आले. १९४५ मध्ये बँकॉकला राजदमनर्न स्टेडियम उघडले. नियम बदलत गेले, पण मांडीवर नडगीने मारण्याची मुभा कायम राहिली.

आता विज्ञान पाहू. दुमडलेला पाय गुडघ्यातून झटकला, तर मुख्यतः नडगी आणि पाऊल एवढाच भाग वेगाने आदळतो. त्याचे वस्तुमान शरीराच्या सुमारे ६ टक्के, म्हणजे ६० किलोच्या माणसात साडेतीन किलोंच्या आसपास. थाई लाथेत खुबा पायासकट फिरतो. संपूर्ण पाय सुमारे १६ टक्के, म्हणजे साडेनऊ किलो. वर धडाचा रेटा. खुब्याजवळचा भाग संथ फिरतो, म्हणून हे सारे वस्तुमान टोकाशी कामी येत नाही. तरीही तडाख्यामागचा जोर वाढतो, हे उघड आहे.

हे फिरणे येते कुठून? जमिनीतून! पाऊल जमिनीला रेटते आणि घर्षणामुळे जमीन शरीराला उलट रेटते. मग टेकलेल्या पायाची टाच उचलून तो चवड्यावर बाहेर वळवावा लागतो. तो वळला नाही, तर खुबा अडतो आणि सारा पीळ गुडघ्यावर येतो. लाथेच्या बाजूचा हात मागे झुगारला जातो तो तोल राखण्यासाठी.

वर्गात करून पाहा. भिंतीला हात टेकून एका पायावर उभे राहा. बोटांची दिशा खडूने जमिनीवर आखा. दुसरा पाय हळूच आडवा फिरवा. आधी टाच टेकून, मग चवड्यावर वळून. (जोर लावू नका, गुडघा दुखेल.) दोन्ही वेळा पाय कुठवर गेला, याची तुलना करा. मुलांना विचारा: जास्त फिरले कोण, पाय की कंबर?