गल्ल्याच्या पलीकडून

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात संध्याकाळी सांगलीच्या मारुती रोडवर किंवा साताऱ्याच्या मोती चौकात पाय ठेवायला जागा नसते. ती गर्दी बघून ‘धंदा जोरात आहे’ असे आपण सहज म्हणून जातो. किरकोळ व्यापाराच्या अभ्यासाकडे नव्याने वळलेल्या वाचकाला मी एवढेच सुचवीन, की थोडा वेळ गल्ल्याच्या पलीकडे जाऊन उभे राहा.

समजा, ७०० रुपयांना पडलेली साडी दुकानदाराने १,००० ला लावली. सुटतात ३००. सेलमध्ये २० टक्के सूट दिली की सुटतात फक्त १००. म्हणजे १० साड्यांची कमाई व्हायला ३० साड्या खपल्या पाहिजेत. भाडे, पगार, नोकरांची दिवाळी हे सगळे त्यातूनच. मग सूट द्यायचीच कशाला? तर पडून राहिलेल्या मालात भांडवल अडकते म्हणून. लग्नसराई सरलेली, गिऱ्हाईक पेरणीत, आणि गणपती-दिवाळीचा माल भरायला रोकड हवी. आषाढ सेल या अडचणीतून आला. आषाढात माल पडत्या भावाने गेला तरी रोकड सुटते. दिवाळीत मात्र वर्षाची कमाई व्हावी लागते. पाटी दोन्हीकडे ‘सेल’चीच.

गिऱ्हाईकाकडे पैसा केव्हा येतो, हा प्रश्न मला याहून मोलाचा वाटतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे तुटलेल्या उसाचे पैसे १४ दिवसांत मिळायला हवेत. पण गाळपाचा जोर दिवाळीनंतरचा, म्हणून सणाची खरेदी कारखान्याच्या मागल्या हंगामाच्या हप्त्यावर अवलंबून. तासगाव-सांगलीचे बेदाण्याचे सौदे दिवाळीच्या सुमारास बंद ठेवून येणी-देणी चुकती करतात. बाजारात त्याला ‘झिरो पेमेंट’ म्हणतात. मोबाइलवरचे सेल मात्र नवरात्रातच सुरू होतात. हप्ता यायच्या आत नोकरदाराची खरेदी तिकडे उरकलेली असते, आणि पेठेला उरते ते उधारीवरचे गिऱ्हाईक. या उधारीकडे अभ्यासकांनी फार दुर्लक्ष केले आहे, असे माझे मत आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या पेठांत शिरले. गणपती तोंडावर होते, दिवाळी २७ ऑक्टोबरला. भिजलेल्या मालाचे पैसे घाऊक व्यापाऱ्याला द्यायचेच होते, आणि सणासाठी नवा माल उचलायचा तर पुन्हा त्याच्याच दारात जायचे. त्या दिवाळीतली सूट नफ्या-तोट्याच्या कोष्टकात बसवता येत नाही.

पाडव्याला नवी वही सुरू होते. तुम्हाला कुणी जुनी वही उघडून दाखवली, तर विक्रीचा आकडा नंतर बघा. आधी शेवटच्या पानांवरची येणी वाचा.