लॉकरमधली बाटली आणि न झालेली चाचणी : बेसबॉलच्या संशयपर्वाचा इतिहास

१/१४
ऑगस्ट १९९८. अमेरिकेतील सेंट लुइस कार्डिनल्स संघाचा फलंदाज मार्क मॅग्वायर याच्या लॉकरभोवती रोज पत्रकारांचा गराडा पडत असे. त्या गराड्यातील असोसिएटेड प्रेसचे वार्ताहर स्टीव्ह विल्स्टीन यांना लॉकरच्या वरच्या फळीवर एक तपकिरी बाटली दिसली. शेजारी पॉपाय छाप पालकाचा डबा होता. बाटलीवर नाव होते : अँड्रोस्टिनडायोन.

२/१४
पत्रकार जमले होते ते एका विक्रमासाठी. क्रिकेटमध्ये षटकाराला जे स्थान, त्याहून कितीतरी मोठे स्थान बेसबॉलमध्ये ‘होम रन’ला आहे. १९२७ मध्ये बेब रूथने एका मोसमात ६० होम रन मारले. १९६१ मध्ये रॉजर मॅरिसने ६१ मारून तो विक्रम मोडला. त्यानंतर ३७ वर्षे ६१ हा आकडा अढळ राहिला होता.

३/१४
या विक्रमाची बेसबॉलला तेव्हा विशेष निकड होती. १२ ऑगस्ट १९९४ रोजी खेळाडूंनी संप पुकारला. संघमालक आणि खेळाडू यांचा पैशांवरून सुरू झालेला तंटा इतका चिघळला की १९०४ नंतर प्रथमच ‘वर्ल्ड सिरीज’ रद्द झाली. पुढच्या वर्षी खेळ सुरू झाला, पण प्रेक्षकसंख्या सुमारे एक पंचमांशाने घटली होती. रुसलेल्या प्रेक्षकाला मैदानाकडे वळवणे हा अस्तित्वाचाच प्रश्न होता.

४/१४
१९९८ च्या उन्हाळ्यात प्रेक्षक परतला. मॅग्वायर आणि शिकागो कब्जचा सॅमी सोसा यांच्यात चढाओढ लागली. ८ सप्टेंबरला मॅग्वायरने ६२ वा होम रन मारला, तेव्हा प्रतिस्पर्धी सोसाने धावत येऊन त्याला मिठी मारली. मोसमाअखेर मॅग्वायरच्या नावावर ७० आणि सोसाच्या नावावर ६६ होम रन होते. संपाची कटुता या जल्लोषात विरून गेली.

५/१४
आणि ती बाटली? अँड्रोस्टिनडायोन शरीरात गेल्यावर त्याचे टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकात रूपांतर होते. ऑलिंपिकमध्ये आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये त्यावर बंदी होती. बेसबॉलमध्ये नव्हती आणि दुकानात ते उघडपणे विकले जाई. मॅग्वायरने ते घेत असल्याचे मान्य केले. तरीही अनेकांनी रोष काढला तो विल्स्टीन यांच्यावर. खेळाडूच्या खासगी लॉकरमध्ये डोकावण्याचा त्यांना काय अधिकार, असा सवाल विचारला गेला.

६/१४
स्टेरॉइड्सना बेसबॉलमध्ये मोकळीक होती असा समज आढळतो. तो पूर्णतः खरा नाही. १९९१ मध्ये आयुक्त फे व्हिन्सेंट यांनी सर्व संघांना परिपत्रक पाठवून बेकायदा औषधांबरोबर स्टेरॉइड्सचाही निषेध केला होता. त्यात उणीव होती ती चाचणीची. चाचणीसाठी खेळाडू संघटनेची संमती लागे. संघटना खासगीपणाच्या हक्कावर ठाम होती आणि मालकांनीही हा विषय निकराने लावून धरला नाही. नियम कागदावरच राहिला.

७/१४
त्याच ऑगस्टमध्ये बॅरी बाँड्सने ४०० होम रन आणि ४०० ‘स्टोलन बेस’ असा कोणालाही न साधलेला दुहेरी पल्ला गाठला. देशाचे लक्ष मात्र मॅग्वायर-सोसाकडे होते. त्या मोसमानंतर बाँड्स औषधांकडे वळला, असे सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलच्या दोन पत्रकारांनी पुढे आपल्या पुस्तकात मांडले. जाणूनबुजून स्टेरॉइड्स घेतल्याचे बाँड्सने कधीच मान्य केले नाही. २००१ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्याने ७३ होम रन मारले.

८/१४
२००२ मध्ये केन कॅमिनिटी या निवृत्त खेळाडूने स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड नियतकालिकाकडे कबुली दिली : १९९६ मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळाला, त्या मोसमात तो स्टेरॉइड्स घेत होता. आता दबाव वाढला. २००३ मध्ये नावे गुप्त ठेवण्याच्या अटीवर पाहणीवजा चाचण्या झाल्या. ५ टक्क्यांहून अधिक नमुने दोषी आढळले आणि ठरल्याप्रमाणे २००४ पासून नियमित चाचण्या सुरू झाल्या. कॅमिनिटी २००४ मध्येच, ४१ व्या वर्षी मरण पावला.

९/१४
सप्टेंबर २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील ‘बाल्को’ या कंपनीवर छापा पडला. तेथून खेळाडूंना ‘टीएचजी’ हे स्टेरॉइड पुरवले जाई. त्या काळच्या प्रचलित चाचण्यांत ते सापडतच नसे. ग्राहकांत ऑलिंपिक धावपटूंपासून बेसबॉलपटूंपर्यंत अनेक जण होते. ग्रँड ज्युरीपुढे साक्ष देण्यासाठी बाँड्सलाही बोलावले गेले. याच तपासात सरकारने २००३ च्या ‘गुप्त’ चाचण्यांचे निकाल जप्त केले. गुप्ततेचे वचन तेथेच संपले.

१०/१४
१७ मार्च २००५ रोजी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सुनावणी झाली. मॅग्वायरने भूतकाळाविषयी बोलण्यास नकार दिला. राफाएल पाल्मेरोने बोट रोखून, आपण कधीच स्टेरॉइड्स घेतली नाहीत, असे ठणकावले. त्याच ऑगस्टमध्ये चाचणीत दोषी आढळल्याने त्याच्यावर बंदी आली. डिसेंबर २००७ मध्ये माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांचा ४०९ पानी अहवाल आला. त्यात ऐंशीहून अधिक खेळाडूंची नावे होती. मॅग्वायरने कबुली दिली ती २०१० मध्ये.

११/१४
येथे इतिहासाच्या अभ्यासकाचे खरे काम सुरू होते, कारण सर्व ‘आरोपी’ एका पंक्तीत बसत नाहीत. मॅग्वायरची कबुली आहे. पाल्मेरोविरुद्ध चाचणीचा निकाल आहे. पिचर रॉजर क्लेमेन्सविरुद्ध प्रामुख्याने त्याच्या प्रशिक्षकाची साक्ष आहे. सोसा आणि डेव्हिड ऑर्टिझ यांची नावे २००९ मध्ये २००३ च्या त्या यादीतून फुटली, पण यादी कधी प्रसिद्ध झाली नाही. न्यायालयांनीही हा गुंता सोडवला नाही. क्लेमेन्स २०१२ मध्ये निर्दोष सुटला, बाँड्सची शिक्षा २०१५ मध्ये रद्द झाली. मात्र दोन्ही खटले साक्षीतील खरेखोटेपणाविषयी होते. स्टेरॉइड घेणे हा त्यातील मूळ आरोप नव्हता.

१२/१४
सर्वांत तळाशी येतो निव्वळ संशय. माइक पियाझा आणि जेफ बॅगवेल यांच्याविरुद्ध ना दोषी चाचणी, ना मिचेल अहवालात नाव. पिळदार देह, पाठीवरचे मुरूम एवढ्यावर कुजबुज चाले. ‘हॉल ऑफ फेम’मध्ये प्रवेशासाठी बेसबॉल पत्रकारांची ७५ टक्के मते लागतात. पियाझा चौथ्या प्रयत्नात २०१६ मध्ये, तर बॅगवेल सातव्या प्रयत्नात २०१७ मध्ये पोहोचला. संशय चुकीचा असेल, तर ती वर्षे त्यांना कोण परत देणार?

१३/१४
जानेवारी २०२२ चा निकाल या पर्वाचा आरसा ठरला. कारकिर्दीत विक्रमी ७६२ होम रन मारणाऱ्या बाँड्सला दहाव्या आणि अखेरच्या संधीत ६६ टक्के मते मिळाली, क्लेमेन्सला ६५.२ टक्के. दोघांसाठी पत्रकारांचे दार बंद झाले. त्याच दिवशी ऑर्टिझ पहिल्याच प्रयत्नात निवडून आला. आणि या साऱ्या काळात बेसबॉलची सूत्रे ज्यांच्या हाती होती, ते आयुक्त बड सेलिग? त्यांचा त्या दालनात २०१७ मध्येच समावेश झाला होता. ती निवड पत्रकारांनी केली नव्हती. एका स्वतंत्र समितीने केली होती.

१४/१४
२००७ मध्ये बाँड्सने हँक ॲरनचा ७५५ होम रनचा विक्रम मागे टाकला. त्या होम रनचा चेंडू एका वस्त्ररचनाकाराने लिलावात घेतला आणि जनमताचा कौल घेऊन त्यावर तारांकन कोरवले. तो कूपर्सटाउनच्या संग्रहालयाला देण्यात आला. शंका दर्शवणारी ती खूण एका माणसाच्या चेंडूवर आहे. पण १९९१ मध्ये बंदी घालून पुढे बारा वर्षे चाचणी न घेणाऱ्या व्यवस्थेवर अशी कोणतीही खूण नाही. पुरावा नष्ट झाला तर त्याचा माग काढता येतो. येथे तो निर्माणच होऊ दिला गेला नाही. म्हणूनच त्या काळात ज्याने काहीच घेतले नाही, त्या खेळाडूलाही आज आपला निर्दोषपणा सिद्ध करता येत नाही.