आनंदीबाईंचे विद्यालय कोणी निवडले?

जानेवारी उजाडला की आमच्या पनवेलच्या धर्मग्रामाच्या कचेरीत एक वेगळी वर्दळ सुरू होते. बाप्तिस्म्याचे दाखले आणि लग्नाची कागदपत्रे ही नेहमीची कामे. त्यांत अलीकडे परदेशी विद्यापीठांसाठी लागणाऱ्या शिफारसपत्रांची भर पडली आहे. कोणी कॅनडाला निघालेला असतो, कोणी आयर्लंडला, कोणी जर्मनीला. प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारतो : हेच विद्यालय का? उत्तरे बहुधा ठरलेली असतात. एजंटाने सुचवले, मावसभाऊ तिथे आहे, फी कमी आहे, पुढे नोकरीचा परवाना मिळतो. यांतले एकही कारण मी हलके मानत नाही. मात्र तिथे नेमके काय शिकवतात, हे सांगू शकणारा विरळा. गेल्या वर्षी एका मुलीने मलाच उलट विचारले, "फादर, पूर्वीची माणसे तरी कसे ठरवत होती?" त्या वेळी मी दिलेले उत्तर अपुरे होते. ते येथे पुरे करण्याचा विचार आहे.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यांचे माहेर कल्याणचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न झाले ते टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी. गोपाळरावांची बदली अलिबागला झाली आणि आज आपला जिल्हा असलेल्या त्या गावी पत्नीच्या शिक्षणाचा त्यांचा हट्ट रूपास आला. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला व दहा दिवसांत गेला. डॉक्टर होण्याचा निश्चय त्या दुःखातून उगवला, असे सर्व चरित्रकार सांगतात.

निश्चय झाला, पण शिकायचे कोठे? मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ पासून स्त्रियांना प्रवेश दिला होता. मग सातासमुद्रापलीकडे जाण्याचे कारण काय, असा प्रश्न त्या काळच्या लोकांनी विचारलाच. त्याचे जाहीर उत्तर आनंदीबाईंनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात दिले. (हे श्रीरामपूर नगर जिल्ह्यातले नव्हे; कलकत्त्याजवळचे, विल्यम कॅरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८१८ साली महाविद्यालय काढले ते.) येथे मिळणारे शिक्षण अपुरे आहे आणि शिकवणाऱ्यांची मने जुन्या वळणाची आहेत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. सतरा वर्षांची ती मुलगी अभ्यासक्रमाची तुलना करून बोलत होती. आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, हेही तिने त्याच सभेत जाहीर केले. ते का सांगावे लागले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

कोल्हापुरास असताना गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी मिशनऱ्यांकडे मदत मागितली. ते पत्र अमेरिकेत रेव्हरंड वाइल्डर यांच्या हाती गेले. वाइल्डर हे कोल्हापूरच्या अमेरिकन मिशनचे संस्थापक. मायदेशी परतल्यावर ते एक मिशनरी नियतकालिक चालवीत होते. त्यांनी पत्र छापले, पण मदतीसोबत एक अट पुढे आली : दांपत्याने ख्रिस्ती व्हावे. जोशी दांपत्याने नकार दिला.

ही मंडळी प्रोटेस्टंट होती, आपल्या पंथाची नव्हती, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. मला ते प्रामाणिकपणाचे वाटत नाही. वाइल्डर यांनी कोल्हापुरात अनेक वर्षे राबून काम केले. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही. पण शिकू इच्छिणाऱ्या मुलीपुढे एका हाताने पुस्तक आणि दुसऱ्या हाताने बाप्तिस्म्याचे पाणी धरणे, यात पुस्तकाचा मान राहत नाही आणि संस्काराचाही राहत नाही. शिफारसपत्रावर सही करताना हा प्रसंग मला आठवतो, आणि आठवलाच पाहिजे.

पुढचा भाग मात्र त्याच छापील पत्रामुळे घडला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोशिया कारपेंटर या गृहिणी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तेथे पडलेल्या अंकात त्यांनी ते पत्र वाचले आणि कोणतीही अट न घालता आनंदीबाईंना लिहिले. तो पत्रव्यवहार वाढत गेला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. विद्यालयाचे नाव सुचवले ते थॉबर्न नावाच्या दांपत्याने : फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनियाचे स्त्री वैद्यकीय महाविद्यालय. स्त्रियांना वैद्यकाची पदवी देण्यासाठी १८५० साली निघालेली ही संस्था. तिच्या उभारणीत क्वेकर पंथीयांचा मोठा वाटा होता. तेथूनच १८६९ साली पदवी घेऊन क्लारा स्वेन ही तरुण डॉक्टर बरेलीला मिशनरी म्हणून आली होती. भारताशी या विद्यालयाचे नाते जुळले होते ते असे, मिशनच्याच वाटेने.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून जहाजात बसल्या, नवऱ्यावाचून, मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने. प्रवासासाठी त्यांनी अंगावरचे सोने विकले होते. श्रीरामपूरच्या भाषणानंतर काही देणग्याही आल्या होत्या. जूनमध्ये त्यांनी विद्यालयाला लिहिलेला अर्ज आजच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण कदाचित पुऱ्या करणार नाही, हे त्यात त्या आधीच कबूल करतात. आणि मग आपण कशासाठी आलो ते सांगतात : पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी. अधिष्ठात्या रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली. धर्माचा प्रश्न आडवा आला नाही.

त्याच १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. त्यांनाही वैद्यकच शिकायचे होते. पण श्रवणदोषामुळे ती वाट बंद झाली. वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या आश्रयाला असताना त्यांनी २९ सप्टेंबरला बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवू लागल्या. तेथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा आपण सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या हवाली केलेली नाही, अशा आशयाचे सडेतोड उत्तर या नवदीक्षित बाईने दिले. रमाबाईंची श्रद्धा त्यांची स्वतःची होती. मदतीच्या मोबदल्यात घेतलेली नव्हती, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

अट म्हटली की ती वाईटच, असेही नाही. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या भीमराव आंबेडकरांकडून संस्थानची दहा वर्षे सेवा करण्याचा करार लिहून घेतला होता. ती अट श्रमाची होती, मनाची नव्हती. पुढे बडोद्यात राहायला जागादेखील मिळू नये अशी वागणूक त्यांना मिळाली, हा वेगळा आणि लाजिरवाणा विषय आहे.

फिलाडेल्फियातील तीन वर्षे सुखाची नव्हती. थंडी, धूर कोंडणारी शेगडी, शाकाहाराचा नेम आणि बळावत गेलेले आजारपण. आनंदीबाईंनी निवड विचारपूर्वक केली होती, पण तिथल्या हवेचा विचार कोणी केला नव्हता. आजच्या आईबापांनी हे जरूर लक्षात घ्यावे. माहितीपुस्तिकेत खोलीच्या उबेविषयी छापलेले नसते. प्रबंधासाठी त्यांनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय घेतला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभाला बॉडलीबाईंच्या निमंत्रणावरून इंग्लंडहून रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. एक हिंदू राहिलेली, एक ख्रिस्ती झालेली, आणि निमंत्रण देणारी प्रोटेस्टंट विदुषी : त्या दिवशी त्या सभागृहात कोणी कोणाला काही सोडायला सांगितले नाही.

कोल्हापूर संस्थानने आपल्या रुग्णालयातील स्त्री विभागासाठी त्यांची नेमणूक केली होती. त्या कामावर त्या कधीच रुजू होऊ शकल्या नाहीत. परतल्यावर काही महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेला कारपेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील दफनभूमीत, आपल्या कुटुंबाच्या जागेत, त्या बाईने त्या ठेवल्या आणि वर दगड उभारला. तो आजही तेथे आहे.