दोन हृदयांची गाडी : दमदार प्लग-इन हायब्रिड एसयूव्हीच्या मोहाचा इतिहास

नोव्हेंबर २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या मोटार प्रदर्शनात टोयोटाने 'आरएव्ही-४ प्राइम' ही गाडी मांडली. आरएव्ही-४ म्हणजे टोयोटाची अगदी संसारी गाडी. मुलांना शाळेत सोडणारी, किराणा वाहणारी, आणि १९९४ साली जपानमध्ये अवतरल्यापासून कोणाच्याही स्वप्नात न आलेली. या नव्या अवताराला २.५ लिटरचे पेट्रोल इंजिन होते, पुढे-मागे विजेच्या मोटारी होत्या, १८.१ किलोवॉट-तासाची बॅटरी होती आणि भिंतीतल्या सॉकेटला लावायची केबल होती. एकत्रित ताकद ३०२ अश्वशक्ती. शून्यापासून ताशी ६० मैलांचा वेग ५.७ सेकंदांत. टोयोटाच्या तेव्हाच्या अमेरिकी ताफ्यात हिच्याहून चपळ एकच गाडी होती, ती म्हणजे सुप्रा ही स्पोर्ट्‌स कार. पहिल्या वर्षी अमेरिकेच्या वाट्याला जेमतेम ५,००० गाड्या आल्या आणि अनेक विक्रेत्यांनी छापील किमतीवर हजारो डॉलर जास्त लावले. लोकांनी ते दिले.

का दिले? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. केबलची गाडी इंधन वाचवण्यासाठी घ्यायची, असे तिच्या कागदपत्रांत लिहिलेले असते. पण जादा दिलेले हजारो डॉलर पेट्रोलच्या बचतीतून वसूल व्हायला कित्येक वर्षे लागतील, हे घेणाऱ्यालाही कळत होते. मोटारींच्या इतिहासाचा अभ्यासक म्हणून या प्रकाराकडे पाहताना मला सतत जाणवत आले, की हिची सरकारी गोष्ट एक आहे आणि बाजारातली दुसरी. या दोन गोष्टी कुठे एकत्र आल्या आणि कुठे फारकत झाली, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

वेगाशिवायची शंभर वर्षे

कल्पना जुनी आहे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात व्हिएन्नाच्या लोहनर कंपनीची विजेची बग्गी झळकली. तिच्या चाकांच्या तुंब्यातच मोटारी बसवलेल्या होत्या, आणि ती बनवणारा तरुण होता फर्डिनांड पोर्शे. लुटन येथील हार्ट नावाच्या एका इंग्रज गिऱ्हाइकासाठी त्याने चारही चाकांत मोटारी असलेली गाडी केली. तिच्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांचेच वजन सुमारे १,८०० किलो भरले. बॅटरीचे हे ओझे कमी करावे म्हणून पोर्शेने त्याच सुमारास 'सेंपर व्हिवस', म्हणजे 'सदाजिवंत', नावाची गाडी केली. तिच्यात पेट्रोल इंजिन वीज तयार करी आणि मोटारी चाके फिरवीत. म्हणजे हायब्रिडचा जन्म पर्यावरणाच्या काळजीतून झाला नाही. तो बॅटरीच्या वजनाला कंटाळून झाला.

पुढे शिकागोच्या वुड्स कंपनीने १९१५ ते १९१८ च्या दरम्यान इंजिन आणि मोटार अशा दोन्ही शक्तींची गाडी विकून पाहिली. ती महागही होती आणि मंदही, त्यामुळे टिकली नाही. १९७० च्या दशकात व्हिक्टर वुक या अमेरिकी अभियंत्याने सरकारच्या स्वच्छ मोटार योजनेखाली एका ब्यूइक स्कायलार्कचे हायब्रिड करून दाखवले. गाडी चालली, पण योजना गुंडाळली गेली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत प्रा. अँड्र्यू फ्रँक यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून भिंतीतून चार्ज होणारे हायब्रिड वर्षानुवर्षे बांधले. २००० नंतर त्यांत शेव्हरोले सबर्बन आणि फोर्ड एक्स्प्लोरर अशा धिप्पाड एसयूव्हीही होत्या. मोठी गाडी लहान करू नका, तिला केबल द्या, हे त्यांचे सांगणे तेव्हा कंपन्यांनी फारसे मनावर घेतले नाही.

टोयोटाची प्रायस १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये आली, पण तिला केबल नव्हती. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या 'कॅलकार्स' या हौशी गटाने एका प्रायसमध्ये जादा बॅटऱ्या कोंबून तिला प्लग बसवला. डिसेंबर २००८ मध्ये चीनच्या बीवायडीने 'एफ-३ डीएम' ही प्लग-इन गाडी कारखान्यातून बाहेर काढली आणि २०१० च्या अखेरीस अमेरिकेत शेव्हरोले व्होल्ट आली. या सगळ्या गाड्या सद्‌गुणी होत्या. पण सद्‌गुणावर शोरूम चालत नाही.

कागदावरचे ४४ ग्रॅम

एसयूव्हीला प्लग लावून बाजार जिंकता येतो, हे दाखवून दिले मित्सुबिशीच्या आउटलँडरने. पॅरिसमध्ये २०१२ साली दाखवलेली ही गाडी २०१३ मध्ये आधी जपानमध्ये आणि मग युरोपात विक्रीला आली. दोन लिटरचे इंजिन, पुढे-मागे ६०-६० किलोवॉटच्या मोटारी, १२ किलोवॉट-तासाची बॅटरी. वजन सुमारे १,८०० किलो. आणि अधिकृत कार्बन उत्सर्जन किलोमीटरला फक्त ४४ ग्रॅम!

हा आकडा कसा आला, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या वेळच्या युरोपीय चाचणीत गाडी एकदा भरलेल्या बॅटरीवर आणि एकदा रिकाम्या बॅटरीवर चालवत. मग नियम असे धरी, की विजेवरचे अंतर संपल्यावर मालक सरासरी २५ किलोमीटर इंजिनावर जाईल आणि पुन्हा केबल लावील. आउटलँडर विजेवर ५२ किलोमीटर जाई. म्हणजे ७७ किलोमीटरांपैकी इंजिनाचे फक्त २५. इंजिनावरचे खरे उत्सर्जन या हिशेबाने एक-तृतीयांशावर आले. यात लबाडी कोणाची नव्हती. नियमाने एक आज्ञाधारक मालक गृहीत धरला होता, एवढेच.

नेदरलंड्समध्ये कंपनीची गाडी खासगी वापराला घेतली, की तिच्या किमतीचा त्या काळी २५ टक्क्यांपर्यंतचा हिस्सा कर्मचाऱ्याच्या करपात्र उत्पन्नात धरला जाई. ५० ग्रॅमच्या आतल्या गाड्यांना २०१३ अखेरपर्यंत ही भर शून्य टक्के होती, आणि तीही पाच वर्षांसाठी. परिणाम असा झाला, की डिसेंबर २०१३ मध्ये त्या देशात सर्वांत जास्त विकली गेलेली गाडी कुठली छोटी हॅचबॅक नव्हती; ती आउटलँडरची ही केबलवाली आवृत्ती होती. २०१४ पासून सवलत पायरीपायरीने कमी झाली, २०१७ मध्ये प्लग-इन हायब्रिड इतर गाड्यांच्याच रांगेत आल्या आणि मागणी कोसळली.

शांघायमध्येही हेच वेगळ्या रूपात घडले. तिथे पेट्रोल गाडीच्या नंबरप्लेटचा लिलाव होतो आणि पाटीसाठीच हजारो युआन मोजावे लागतात. प्लग-इन हायब्रिडला ही पाटी २०२२ अखेरपर्यंत फुकट मिळे. अनेकांनी आधी पाटी घेतली, गाडी तिच्यासोबत आली.

ताकदीचा शोध

पण कर हेच एकमेव कारण असते, तर ही गोष्ट इथेच संपली असती. त्याच वर्षांत अभियंत्यांच्या लक्षात आले, की नियमासाठी बसवलेली मोटार वेगासाठीही वापरता येते.

पेट्रोल इंजिनाचा जोर ठराविक फेऱ्यांवर पोचल्यावर येतो, आणि टर्बो असेल तर त्याला दम भरायला क्षणभर लागतो. विजेची मोटार थांबलेल्या अवस्थेतच पूर्ण जोर देते. म्हणजे इंजिन जिथे कमी पडते, नेमकी तिथे मोटार भरपाई करते. मागच्या चाकांना स्वतंत्र मोटार दिली, की गाडीच्या पोटातून जाणारा लांब दांडा न घालताही चारही चाके ओढू लागतात. एसयूव्हीच्या जड देहाला या दोन्ही गोष्टी मानवल्या.

पोर्शेने २०१३ मध्ये ९१८ स्पायडर ही ८८७ अश्वशक्तीची प्लग-इन स्पोर्ट्‌स कार न्यूर्बुर्गरिंगवर ६ मिनिटे ५७ सेकंदांत फिरवली. प्लग म्हणजे मिळमिळीतपणा, हा समज त्या फेरीने मोडला. पुढच्याच वर्षी ४१६ अश्वशक्तीची केयेन एस ई-हायब्रिड आली आणि २०१९ मध्ये ६८० अश्वशक्तीची केयेन टर्बो एस ई-हायब्रिड. एकेकाळी लोहनरच्या कारखान्यात बॅटरीच्या वजनाला वैतागलेल्या माणसाच्या नावाची कंपनी आता त्याच जोडणीतून ३.८ सेकंदांत ताशी १०० किलोमीटर गाठत होती.

व्होल्वोचे उदाहरण अधिक बोलके आहे. जुन्या एक्ससी-९० मध्ये यामाहासोबत बनवलेले ४.४ लिटरचे व्ही-८ इंजिन मिळे, ताकद सुमारे ३१५ अश्वशक्ती. नव्या पिढीत व्होल्वोने चार सिलिंडरांच्या वर जायचे नाही असे ठरवले. २०१५ मध्ये आलेल्या टी-८ मध्ये दोन लिटरचे इंजिन पुढे आणि ८७ अश्वशक्तीची मोटार मागे, मिळून ४०० अश्वशक्ती. बॅटरी मधल्या बोगद्यात बसवल्यामुळे सात आसनेही राहिली. त्याच वर्षी बीवायडीच्या 'तांग'ने ताशी १०० किलोमीटरचा टप्पा पाच सेकंदांच्या आत गाठला. कंपनीचे घोषवाक्यच होते '५-४-२' : पाच सेकंद, चार चाकांची ओढ, शंभर किलोमीटरला दोन लिटर. या क्रमात वेग पहिला आणि काटकसर शेवटची, हे नजरेत भरते.

आपल्याकडे

या इतिहासात पुण्याचाही एक छोटा अध्याय आहे. २०१० मध्ये केपीआयटी कमिन्सने भारत फोर्जच्या साथीने 'रेवोलो' हा संच जाहीर केला. रस्त्यावर आधीच असलेल्या गाडीला मोटार आणि बॅटरी जोडून तिचे प्लग-इन हायब्रिड करायचे, ही कल्पना. ती खऱ्या अर्थाने मध्यमवर्गीय होती, कारण नवी गाडी न घेता जुनीच सुधारायची होती. रस्त्यांवर मात्र ती रुजली नाही.

पुढे २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा मोठ्या हायब्रिडवर उपकरासह ४३ टक्के कर बसला. विजेच्या गाडीवरचा कर २०१९ मध्ये ५ टक्क्यांवर आला. केबल असो वा नसो, इंजिन दिसले की सवलत नाही. त्यामुळे प्लग-इन एसयूव्ही आपल्याकडे आल्या त्या धनिकांच्याच दारी. २०१६ मध्ये एक्ससी-९० टी-८ सव्वा कोटीला आली आणि २०२२ च्या डिसेंबरात ६५३ अश्वशक्तीची बीएमडब्ल्यू एक्सएम २ कोटी ६० लाखांना. इतिहासाच्या दृष्टीने ही तुलना उपयोगी आहे. डच कर्मचाऱ्याला कर वाचवायचा होता. भारतीय गिऱ्हाइकाला करात काहीच मिळत नव्हते, तरी त्याने गाडी घेतली. सवलत काढून घेतल्यावर जे उरते ते खरे आकर्षण, आणि ते ताकदीचे आहे.

बचत कोणाची जबाबदारी?

आता प्रश्न उरतो तो परिणामांचा. २०२० मध्ये 'आयसीसीटी' या संस्थेने फ्राउनहोफर संस्थेसोबत केलेल्या अभ्यासात प्लग-इन हायब्रिडचा प्रत्यक्ष इंधनखर्च अधिकृत आकड्याच्या दुप्पट ते चौपट निघाला. कंपनीच्या गाड्यांची स्थिती सर्वांत वाईट होती, कारण पेट्रोलचे कार्ड मालकाचे आणि विजेचे बिल घरचे. युरोपीय आयोगाने गाड्यांमधल्याच नोंदयंत्रांची माहिती तपासून २०२४ मध्ये सांगितले, की प्रत्यक्ष उत्सर्जन कागदाच्या सुमारे साडेतीनपट आहे. त्यामुळे युरोपने २०२५ पासून नव्या मॉडेलांसाठी हिशेबाचे सूत्रच कडक केले.

यावरून यंत्र खोटे ठरत नाही. आरएव्ही-४ प्राइम एका चार्जवर ४२ मैल, म्हणजे सुमारे ६८ किलोमीटर, विजेवर जाते. रोजच्या शहरी फिरण्याला ते पुरून उरते. रात्री केबल लावणाऱ्याच्या हातात ही गाडी आठवडेच्या आठवडे पेट्रोल न पिता राहू शकते. अडचण वेगळीच आहे. बॅटरीत थोडी वीज नेहमी राखलेली असते, त्यामुळे केबल न लावताही वेग बराचसा मिळतोच. वेग गाडीसोबत येतो. बचत मात्र रोज संध्याकाळी स्वतः कमवावी लागते.

माझ्या मते धोरणकर्त्यांनी या इतिहासातून घ्यायचा धडा हा आहे. भारतात हायब्रिडला सवलत द्यावी की नाही, हा वाद अधूनमधून पेटतो. एक बाजू म्हणते द्या, दुसरी म्हणते सगळे विजेला द्या. सवलत द्यायचीच असेल तर ती शोरूममधल्या चाचणीच्या आकड्याला देऊ नये; वर्षाकाठी गाडीने प्रत्यक्षात किती वीज भरली आणि किती पेट्रोल जाळले, याच्या नोंदीला द्यावी. ती नोंद आजच्या गाड्या स्वतःच ठेवतात. आणि ज्याला गृहसंस्थेच्या पार्किंगमध्ये सॉकेट मिळत नाही, त्याला प्लगची गाडी विकून देशाचे पेट्रोल वाचत नाही.

मोहाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. शंभर वर्षे सद्‌गुणाच्या नावाने जी जोडणी कोणी घेतली नाही, ती मोहाने दहा वर्षांत जगभर पोचवली. केबल गाडीत आली आहे. ती डिकीतल्या पिशवीतून बाहेर काढायला लावणे हे काम अजून बाकी आहे.