'खूप' म्हणजे किती?

परवा मामाशी फोनवर गप्पा मारताना विषय निघाला. "आपल्याकडची गिधाडं नक्की कधी गेली रे?" मामाने विचारलं.

आजोळी ओढ्यापलीकडे मेलेली गुरं टाकायची जागा होती. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पोरं नाक दाबून लांबूनच बघायचो. बैल टाकला की थोड्याच वेळात आकाशात घिरट्या सुरू! मामाच्या मते ती ८५च्या सुमारासच कमी झाली. मावशी म्हणते, ९५पर्यंत होती. आणि मी? किती होती, तर "खूप". एवढंच.

आमच्या घरातल्या तीन आठवणी, आणि तिन्हींचा काडीचा उपयोग नाही. सुदैवाने दुसरीकडे कुणीतरी मोजत होतं.

भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात बीएनएचएसच्या विभू प्रकाश यांनी १९८७-८८मध्ये पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची ३५३ जोड्यांची घरटी नोंदवली होती. १९९६मध्ये उरली १५०. पुढच्या काही वर्षांत एकही नाही. पण हे एका अभयारण्यातलं झालं. पक्षी दुसरीकडे गेले असतील, असं कुणीही म्हणू शकलं असतं. इथे कामाला आली १९९१ ते ९३मधली एक जुनी गणना. उत्तर भारतातल्या रस्त्यांवरून गाडीने फिरत दिसतील ते शिकारी पक्षी मोजायचे, असं ते काम. तेव्हा गिधाडं संपतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. २०००पासून त्याच रस्त्यांवर पुन्हा मोजणी झाली आणि सगळे हादरले. २००७पर्यंत १९९२मधल्या दर हजारांमागे एकच पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड उरलं होतं!

कारण काय? विषाणू असेल, कीटकनाशकं असतील, असे तर्क चालले होते. २००४मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूत्रपिंडं निकामी होऊन आतल्या अवयवांवर युरिक आम्ल साचलेल्या २५ पक्ष्यांपैकी २५मध्ये डायक्लोफेनॅक सापडलं. तसं न झालेल्या १३मध्ये एकातही नाही. गुरांना तेव्हा देत असत ते साधं वेदनाशामक औषध.

तरी एक शंका उरतेच. औषध दिलेली आणि लगेच मेलेली गुरं अशी असणार किती? तेवढ्याने अख्खी जात कशी संपेल? रीस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी हे गणित मांडलं. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, वयात यायला काही वर्षं घेतं, आणि एका मेलेल्या जनावरावर डझनांनी गिधाडं जेवतात. सगळं धरून उत्तर आलं: दर ७६० ते १३० जनावरांमागे एक विषारी असलं, तरी एवढी घट होऊ शकते. म्हणजे एक टक्काही नाही!

पुढे मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचं दिसलं, आणि २००६मध्ये भारताने जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद केलं. माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून २०१५मध्ये त्यांवरही बंधन आलं. बंदीचा उपयोग झाला का, हेही त्याच रस्त्यांनी सांगितलं. २०११च्या मोजणीत घसरण जवळजवळ थांबलेली दिसली. गिधाडं परत आली असं मात्र नाही. उरली ती थोडीच. २०२३मध्ये ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन यांच्यावरही जनावरांसाठी बंदी आली.

मला राहून राहून ती ९१ ते ९३ची मोजणी आठवते. पक्षी भरपूर असताना रस्त्यावर उन्हात बसून आकडे लिहायचे... किती कंटाळवाणं वाटलं असेल! पण ते आकडे नसते, तर गिधाडांच्या बाजूने सांगायला आमच्या मामा-मावशीची भांडणंच उरली असती.

असो. तुमच्या गावात गिधाडं शेवटची कधी पाहिलीत? साल आठवत असेल तर जरूर सांगा. "लहानपणी खूप होती" एवढंच नको, ते माझ्याकडे आहे!