·२२ च्या रायफलीची निवड व नळीवरील लेख

नेमबाजीच्या हौसेकरितां लहान रायफल निवडतांना तिच्या नळीवरील लेख प्रथम वाचावा. १८४५ च्या सुमारास पॅरिस येथें फ्लोबेर यानें टोपींतच गोळी बसवून दिवाणखान्यांत उडविण्याजोगें काडतूस सिद्ध केलें. १८५७ सालीं अमेरिकेंत स्मिथ व वेसन यांनीं दारू भरलेलें ‘·२२ शॉर्ट’ काढलें. १८८७ त ‘लाँग रायफल’ आलें. पहिल्याची गोळी सामान्यतः २९ ग्रेन वजनाची, दुसऱ्याची ४०. व्यास एकच, लांबी मात्र भिन्न; घोटाळ्याचें मूळ हेंच.

विंचेस्टरची १८९० ची रायफल उदाहरणार्थ घेऊं. तिची यंत्ररचना एकाच लांबीच्या काडतुसास बेतलेली असून तें कोणतें, हें नळीवर कोरलेलें असे. ‘शॉर्ट’ची रायफल घेऊन तींत ‘लाँग रायफल’ घालूं पाहणारा फसतो. कोणी काडतुसाचें घर खोल करून घेतात. तें पोथीच्या पुष्पिकेंतील शक खरडून नवा घालण्यासारखें होय. नळीवरचा लेख राहतो, पण तो खोटा ठरतो. सबब, ज्यास नित्य नेम मारावयाचा आहे त्यानें ‘लाँग रायफल’करितांच घडविलेली रायफल घ्यावी, जुनी ‘शॉर्ट’ची हातीं आल्यास ती आहे तशीच जतन करावी.