रंगाचा माग : रातांधळेपणापासून कॅरोटीनपर्यंत

दिवेलागणीनंतर दिसेनासे होणे ही अ जीवनसत्त्वाच्या अभावाची पहिली ठळक खूण. पुढे डोळे कोरडे पडतात, बुबुळाला जखम होते आणि लहान मुलांची दृष्टी कायमची जाते. हा विकार फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नक्तांध्यावर, म्हणजे रातांधळेपणावर, बकऱ्याचे यकृत सांगितले आहे. उपाय खरा होता. त्यामागचे कारण कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले आणि तिथवर पोहोचण्याच्या वाटेवर भाज्यांच्या रंगाने मोठे काम केले.

१८३१ साली जर्मन रसायनतज्ज्ञ वाकेनरोडर यांनी गाजरातून केशरी स्फटिक वेगळे काढले. हेच कॅरोटीन. त्याचा आरोग्याशी काही संबंध असेल, अशी शंका पुढे ऐंशी वर्षे कोणाला आली नाही. १९१३ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात एल्मर मॅकॉलम आणि मार्गरिट डेव्हिस यांनी दाखवले, की लोणी आणि अंड्याचा बलक यांत उंदरांच्या वाढीला लागणारा एक घटक आहे. डुकराच्या चरबीत किंवा ऑलिव्ह तेलात तो नाही. त्यालाच पुढे अ जीवनसत्त्व हे नाव मिळाले.

त्याच विद्यापीठातील हॅरी स्टीनबॉक यांच्या नजरेत १९१९ मध्ये एक साधी गोष्ट भरली. पिवळ्या मक्यावर उंदीर वाढत, पांढऱ्यावर त्यांची वाढ खुंटे. गाजर आणि रताळे लागू पडत. बीट आणि बटाटा पडत नसत. म्हणजे हा पिवळा रंगच जीवनसत्त्व असावा, असा तर्क निघाला. पण तो टिकेना. यकृतात जीवनसत्त्व भरपूर, रंग मात्र जवळपास नाहीच. त्याच वर्षी लेरॉय पामर यांनी कोंबड्यांना रंगद्रव्य नसलेला, पण यकृत घातलेला आहार देऊन वाढवले. त्यांच्या अंड्यांचा बलक फिका निघाला, तरी त्यांतून निरोगी पिल्ले बाहेर आली. दोन्ही प्रयोग चोख होते आणि निष्कर्ष एकमेकांविरुद्ध जात होते. हा पेच दहा वर्षे सुटला नाही. १९३० मध्ये केंब्रिजच्या थॉमस मूर यांनी उंदरांना कॅरोटीन खाऊ घातले आणि त्यांच्या यकृतात रंगहीन अ जीवनसत्त्व साठलेले आढळले. वनस्पतीतील रंग शरीरात गेल्यावर जीवनसत्त्वात बदलतो, हे त्यातून सिद्ध झाले. पोषणशास्त्राच्या इतिहासात इतकी देखणी उकल क्वचितच सापडते. कॅरोटीनची रचना उलगडणाऱ्या पॉल कारर यांना १९३७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात या ज्ञानाला खरी धार आली ती कुन्नूरच्या प्रयोगशाळेत. रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी उभारलेल्या या संस्थेत पुढचे संचालक ॲक्रॉइड यांच्या काळात भारतीय अन्नपदार्थांची पोषणमूल्ये कोष्टकांत मांडली गेली. संस्था १९५८ मध्ये हैदराबादला हलली. तेथील सी. गोपालन आणि सहकाऱ्यांच्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम गाजरात १,८९० मायक्रोग्रॅम कॅरोटीन, तर तेवढ्याच शेवग्याच्या पाल्यात ६,७८० मायक्रोग्रॅम. आळू आणि माठही गाजराच्या पुष्कळ पुढे. पानांतला केशरी रंग हरितद्रव्याखाली झाकलेला असतो, म्हणून तो डोळ्यांना दिसत नाही. परसातला हा पाला फुकट किंवा अगदी स्वस्त मिळणारा, आणि नेमक्या गरीब घरांतली मुले आंधळी होत होती, ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे. १९७० मध्ये सरकारने एक ते पाच वर्षांच्या मुलांना दर सहा महिन्यांनी दोन लाख एकक अ जीवनसत्त्व पाजण्याची योजना सुरू केली.

१९८१ नंतर कॅरोटीनकडे कर्करोग रोखणारे द्रव्य म्हणूनही पाहिले जाऊ लागले, कारण भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांत काही कर्करोग कमी आढळत होते. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. त्यांतील काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीनची गोळी दिली गेली. १९९४ च्या निकालानुसार गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील तशीच चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. भाजीत कॅरोटीनबरोबर तंतू, क जीवनसत्त्व आणि इतर अनेक रंगद्रव्ये असतात; गोळीत ती नव्हती.

पालेभाजीतील कॅरोटीन पूर्वी मानले जाई तितके अंगी लागत नाही, हेही नव्वदच्या दशकात दिसून आले. २००१ मध्ये अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने अन्नातील १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीन म्हणजे १ मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व, असे प्रमाण ठरवले. आधीच्या हिशेबात ६ मायक्रोग्रॅम पुरत. कॅरोटीन स्निग्ध पदार्थात विरघळते, त्यामुळे तेलाच्या फोडणीत शिजवलेल्या भाजीतून ते कच्च्या पाल्यापेक्षा अधिक शोषले जाते.